नकटीचा ड्रायव्हर सोम्या

जव्हारच्या वखारीत नकटी आली तेव्हा तिला बघायला निम्मं गाव लोटलं. साल छत्तीसचं असेल, महिना मार्गशीर्ष. संस्थानात तोवर मोटारी आल्या होत्या, लॉऱ्याही दोन-चार फिरत होत्या, पण त्या सगळ्यांना पुढे लांब नाक होतं. नाकात इंजिन, नाकामागे ड्रायव्हर. ह्या लॉरीला नाकच नव्हतं. सपाट तोंड, त्यावर दोन दिवे, आणि त्या तोंडातच माणसानं बसायची जागा. मोळ्या घेऊन आलेल्या बायांपैकी एकीनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "ही तं नकटी हाय!" तेच नाव पडलं. कागदावर तिचं नाव काय होतं ते फक्त खांबेटे ठेकेदाराला ठाऊक.

खांबेटे लाकडाचा ठेकेदार. मोखाडा इंग्रजी मुलखात, जव्हार संस्थानात. मोखाड्याकडच्या रानात तोडीला निघालेले तुकडे, ज्यांना तिकडे कूप म्हणतात, ते हा लिलावात घ्यायचा. तोडलेले ओंडके जव्हारच्या वखारीत उतरायचे आणि तिथून डहाणूच्या स्टेशनाला जायचे. त्याच्याकडे आधीची एक लॉरी होती, पहिल्या मोठ्या लढाईतून मोडीत निघालेली, नाकवाली. ती सोम्या चालवायचा.

सोम्या साखरशेतचा. घरची जमीन नव्हती. बापानं जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या, त्यानंही वीस वर्षांचा होईपर्यंत त्याच हाकल्या. मग एका मिस्त्रीच्या मागे लागून नाशकाला गेला, तीन वर्षं तेलात हात घालून राहिला आणि लॉरी शिकून परत आला. अंगानं बारीक, बोलणं कमी. रागीट म्हणून मात्र साखरशेतात त्याची ख्याती होती. ओरडायचा नाही. राग आला की हातातलं काम खाली ठेवून समोरच्याकडे बघत राहायचा, आणि समोरचा मुकाट्यानं वाट बदलायचा. बायको हौशी म्हणायची, "ह्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं."

नकटी पहिल्यांदा रस्त्यावर काढली ती सोम्यानंच. शेजारी खांबेटे बसला. दोघांच्या मध्ये इंजिन, त्यावर पत्र्याचं टोपण आणि टोपणावर ठेकेदाराची काळी टोपी. वखारीच्या फाटकातून बाहेर पडताना सोम्याला पहिल्यांदा नवल वाटलं. नाकवालीत बसलं की पुढचा दहा-बारा हात रस्ता नाकाखाली गडप व्हायचा. इथे पायाच्या अंगठ्यापुढचा खडा दिसत होता. रस्ता ओलांडणारी कोंबडी दिसत होती, कोंबडीमागची पिलंही दिसत होती. आणि ज्या वळणावर नाकवालीला दोनदा पुढे-मागे करावं लागे, तिथे ही एका दमात वळली.

"बघितलंस?" खांबेटे म्हणाला. "नुसती बाहुली आहे बाहुली."

सोम्यानं मान डोलावली, पण वळताना त्यानं स्टेअरिंग घट्ट धरलं होतं. पुढचं चाक त्याच्या बुडाखाली होतं, खरं तर थोडं मागेच. चाक रस्त्यावर राहायचं आणि ड्रायव्हर मात्र कडेवरून पुढे जाऊन दरीवर लोंबकळायचा. चाक वळवायची घाई करून चालत नव्हतं. पोटाखाली दरी दिसेपर्यंत सरळ जायचं आणि मग वळवायचं. खड्डा आला की धक्का सीटमधून थेट मणक्यात. दोनदा त्याचं डोकं छताला आपटलं. तासाभरात पत्र्याचं टोपण इतकं तापलं की खांबेट्यानं टोपी उचलून मांडीवर घेतली. सोम्याची डावी मांडी टोपणाला लागून होती. ती उचलायला जागा नव्हती, कारण तोच पाय क्लचवर. टोपणाच्या फटीतून धूर यायचा, डोळे चुरचुरायचे.

हे सगळं त्यानं सोसलं असतं. परतीच्या वाटेला मात्र हौद्यात ऐनाचे ओंडके होते. एका उतारावर म्हशी आडव्या आल्या, सोम्यानं ब्रेक दाबला, आणि त्याच्या उजव्या कानामागे, फळीच्या पलीकडे, 'टक्' असा आवाज झाला.

त्यानं लॉरी कडेला घेतली, उतरला, मागे जाऊन बघितलं. काथ्याच्या दोरानं बांधलेल्या ओंडक्यांतला एक वीतभर पुढे सरकला होता. त्याचं टोक ड्रायव्हरच्या मागच्या भिंतीला टेकलं होतं. भिंत म्हणजे बोटभर जाडीची फळी. फळीच्या ह्या बाजूला ओंडका, त्या बाजूला सोम्याची मान.

वखारीत पोचल्यावर तो म्हणाला, "साहेब, हिला मागून चौकट पायजे."

"कसली चौकट?"

"ऐनाचे दोन खांब, वर आडवी तुळई, खाली सांगाड्याला बोल्टानं आवळायची. अन् काथ्या नको. साखळदंड."

खांबेटे हसला. "आणि मग हौदा दीड हातानं कमी होणार, चौकटीचं वजन वर. अरे, नाक नाही म्हणून तर हौदा लांब मिळाला. तेवढ्यासाठीच घेतली ना ही? जुन्या लॉरीत लाकडं सरकत नव्हती का?"

"सरकत होती. तिला मागं लोखंडाची आड हाय, पलटणीतली. अन् पुढं नाक हाय. हिच्यात पुढं काच, मांगं लाकूड. मधी मी."

"भीती वाटते तर उतर."

सोम्या तसाच खाली उभा होता. त्यानं खिशातलं फडकं काढून हात पुसले, फडकं नकटीच्या पायरीवर ठेवलं आणि नाकवालीकडे चालता झाला. ठेकेदाराला ड्रायव्हर मिळायची अडचण नव्हती. सोम्यानंच दोन वर्षं शेजारी बसवून एक तयार केला होता. त्याचं नाव बाबल्या.

बाबल्या वावर गावचा, आणि सोम्याच्या धाकट्या बहिणीचा, पोशीचा नवरा. उंच, हसरा, गाण्याचा नादी. पोशी खांबेट्याच्या वखारीतच लाकडं रचायला जायची. बाबल्याला लॉरी शिकवावी म्हणून तिनंच भावाच्या मागे लकडा लावला होता. आता नवऱ्याला कोरी लॉरी मिळाली म्हणून वखारीतल्या बायांमध्ये तिची मान उंच झाली.

"चौकट घालायला लाव," सोम्यानं बाबल्याला सांगितलं.

"तुमचं ऐकलं नाय, माझं काय ऐकणार?" बाबल्या म्हणाला. "पण काय दिसतं हो हिच्यातून! मुंगी जाताना दिसते. ज्याला समोरचं दिसतं त्याला कशाची भीती?"

"समोरच्याची नाय रे. मागच्याची."

बाबल्या हसला. पण हळूहळू त्याच्याही तक्रारी सुरू झाल्या. मांडीवर भाजल्याचे फोड आले, म्हणून त्यानं टोपणावर ओलं गोणपाट टाकायला सुरुवात केली. अर्ध्या वाटेत ते वाळून करपायचं. उतारावर तो ब्रेक हलक्या पायानं, तुकड्या-तुकड्यांनी दाबायला शिकला. एकदम दाबला की मागे 'टक्' व्हायचं. दोर मात्र तोच राहिला. एकदा त्यानं स्वतः जाऊन साखळी मागितली. कारकुनानं सांगितलं, पुढच्या हंगामात बघू.

शिमगा आठ दिवसांवर आला होता. वाघ नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दिवसाढवळ्या, ऊन कलायच्या आत ते झालं. पुढे नकटी होती, पाव मैल मागे सोम्याची नाकवाली. वळणापलीकडे म्हातारा पुंजा बैलगाडी घेऊन वर येत होता. उजव्या बाजूचा बैल बुजला आणि गाडी रस्त्यात आडवी झाली.

बाबल्याला ती दिसली. नकटीतून सगळंच दिसायचं. नाकवाली असती तर कदाचित उशिरा दिसली असती. त्यानं पायाचा ब्रेक दाबला, हाताचा ओढला, चाक डोंगराच्या बाजूला घेतलं. जे करायला हवं ते सगळं केलं, सोम्यानं शिकवलं होतं तसंच. लॉरी बैलांपासून दोन हातांवर उभी राहिली. बाबल्या थांबला. लाकडं थांबली नाहीत.

सोम्या वळणावर आला तेव्हा पुंजा रस्त्यात उभा राहून दोन्ही हात हलवत होता. नकटीचा क्लीनर मंगळ्या, तिशीतला गडी, डाव्या दारातून बाहेर फेकला गेला होता आणि धुळीत बसून स्वतःचा हात धरून कण्हत होता. सोम्या धावत ड्रायव्हरच्या दाराशी गेला. फळी फुटून एक ओंडका आत आला होता. बाबल्या ओंडक्याच्या आणि स्टेअरिंगच्या मध्ये होता. जिवंत होता.

"दादा," तो म्हणाला, "गाडीवाला वाचला का?"

"वाचला. बोलू नको."

सोम्यानं कुऱ्हाड आणली. ओंडका तोडायचा तर बाबल्याच्या छातीजवळ घाव घालावे लागणार होते, म्हणून त्यानं स्टेअरिंगच्या दांड्यावर घाव घालायला सुरुवात केली. लोखंडावर कुऱ्हाडीची धार गेली. मग तो, पुंजा आणि मागून आलेले दोन गडी, चौघांनी मागून ओंडका ओढला. तो निघाला तेव्हा बाबल्यानं एक मोठा श्वास घेतला आणि तेवढाच. सोम्याचं तोंड त्याच्या तोंडाजवळ होतं. सकाळी पोशीनं दिलेल्या नाचणीच्या आंबिलीचा आंबट वास त्याला आला. दुसरा कसलाच वास नव्हता.

वावरला नेऊन बाबल्याचं सगळं झालं. चौथ्या दिवशी सोम्या वखारीत आला तेव्हा त्याला दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी, की त्या दिवशीचे ओंडके दुसऱ्याच दिवशी मोखाड्याच्या रस्त्यावरून उचलून, पाणी मारून धुऊन, स्टेशनाला रवाना झाले होते. दुसरी अशी, की बाबल्या ताडी पिऊन लॉरी चालवत होता.

"कोण म्हणतं?" त्यानं विचारलं.

कारकून कागदात बघत राहिला. "सगळेच म्हणतात. चौकशीला साहेब येणार आहेत, तिथे ठेकेदार तसंच सांगणार. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, सोम्या?"

सोम्या त्याच्याकडे बघत राहिला. किती वेळ ते कारकुनालाही सांगता आलं नसतं. पण त्यानं दौत उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, पुन्हा पहिल्या जागी ठेवली, आणि शेवटी उठून आतल्या खोलीत गेला.

पोशी लाकडांच्या राशीमागे बसली होती. तिच्यापर्यंतही ते पोचलं होतं. तिनं भावाला जवळ येऊ दिलं आणि म्हणाली, "शिमग्यालासुद्धा घोट घेत नव्हता तो. गाणं बिघडतं म्हणायचा. दादा, मेला ते मी सोसंन. हे नाय सोसायची."

चौकशी मोखाड्याला झाली. लॉरी ओढून गावाच्या तोंडाशी आणून ठेवली होती. चौकशीचे साहेब मध्यम वयाचे, चष्मा लावणारे, कंटाळलेले. खांबेटे त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसला आणि सांगू लागला: ह्या लोकांना शिमगा जवळ आला की शुद्ध राहत नाही, आपण पोटच्या पोरासारखं सांभाळलं, नवी लॉरी दिली, आणि तिची ही दशा झाली. मग पुंजाला पुढे बोलावलं. पुंजा खांबेट्याच्या कुपातूनच रस्त्यापर्यंत लाकडं ओढायचा. त्याचं पोट त्यावर.

"लॉरी वेगात होती?"

पुंजा ठेकेदाराच्या चपलांकडे बघत होता. "म्या बैल धरले होते, साहेब. म्या नाय बघितलं."

सोम्या दोन पावलं पुढे आला. ह्याच म्हाताऱ्याला वाचवायला बाबल्यानं ब्रेक दाबला होता. मरताना ह्याचीच विचारपूस केली होती. मंगळ्या गळ्यात हात बांधून भिंतीशी बसला होता. त्याला काय आठवतं विचारलं तर तो म्हणाला, दारातून पडलो तेवढंच आठवतं. साहेबांनी लेखणी बुडवली.

"साहेब," सोम्या म्हणाला, "लिवायच्या आधी लॉरी बघा."

"तू कोण?"

"दुसऱ्या लॉरीचा ड्रायव्हर. मेलेला माझ्या बहिणीचा नवरा. मीच त्याला शिकवलं."

"नातलग आहे, साहेब," खांबेटे म्हणाला. "त्याचं काय ऐकायचं?"

"माझं नका ऐकू. लॉरीचं ऐका. पन्नास पावलांवर उभी हाय."

साहेब उठले ते बहुधा पाय मोकळे करायला. पण उठले. त्यांच्यामागे खांबेटे, कारकून, पुंजा, बाजाराला आलेली पाच-पन्नास माणसं. पोशीही बायांमध्ये होती. सोम्या नकटीच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं पंजा उघडून सपाट काचेवर मारला. काच थरथरली.

"ही पुढची काच. तडा हाय का बघा. हे दिवे. हा पत्रा. पोचा हाय का एक तरी? नशेत चालवणारा कशाला तरी धडकतो ना, साहेब? ही कशाला धडकली ते मला दाखवा."

साहेबांनी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. कुठे काही नव्हतं.

"आता मागं या." सोम्यानं त्यांना जवळजवळ दंडाला धरून नेलं. बोटभर जाडीच्या फळीचे फाटके दात अजून आत वळलेले होते. "इथून मेला तो. मागून. दारू प्यालेल्यानं मागून कशी धडक खाल्ली? हा हाताचा ब्रेक बघा, वर ओढलेला हाय अजून. कुणी सोडवलासुद्धा नाय, तसाच ओढत आणली. पायाचा दाबला, हाताचा ओढला, डोंगराकडं वळवली. नशेतला माणूस येवढं करतो?"

मग तो गर्दीकडे वळला. आवाज चढवला नव्हता, पण शेवटच्या माणसालाही ऐकू गेला. "अन् मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चौकट घाला, साखळी द्या. बाबल्यानंही साखळी मागितली होती, त्या कारकुनाला विचारा. माणसाच्या मानेमागं बोटभर फळी अन् काथ्याचा दोर! का, तं हौदा दीड हातानं कमी होतो! लाकडाला जागा हाय, माणसाला नाय. अन् मेल्यावर त्याच्या तोंडात ताडी ओतता?"

खांबेटे लाल झाला. "तोंड सांभाळ, सोम्या."

तेवढ्यात पुंजा पुढे आला. त्यानं डोईचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं. "साहेब," तो म्हणाला, "लॉरी थांबली होती. माझ्या बैलाच्या शिंगापासून दोन हातांवर. मंग आवाज झाला." एवढं बोलून तो रडायला लागला, आणि रडतच पोशीकडे गेला. पोशीनं तोंड फिरवलं.

साहेबांनी लिहिलं की ड्रायव्हरची कसूर नाही, नशेचा पुरावा नाही, माल सरकून मृत्यू. ठेकेदाराविरुद्ध काही लिहिलं नाही. नियमांत चौकटीबद्दल काही सांगितलेलंच नव्हतं. जाताना ते सोम्याला बाजूला घेऊन म्हणाले, "तू म्हणतोस ते मला पटतं. पण जे कुठे लिहिलेलं नाही ते मोडलं असं मी कसं लिहू?"

सोम्या वळून चालू लागला. घरी येताना वाटेत त्यानं हातातली काठी एका दगडावर आपटून मोडली. साखरशेतात हौशीनं भाकर वाढली, ती तशीच राहिली.

पंधरा दिवसांत नकटीला नवी फळी बसली. तेवढ्याच जाडीची. नवं स्टेअरिंग मुंबईहून आलं. पावसाच्या आत कुपातला माल काढायचा होता, नाशकाहून कुणी ड्रायव्हर यायला तयार नव्हता, आणि मंगळ्याचा हात बरा झाल्यावर त्यालाच बसवायचं खांबेट्यानं ठरवलं. मंगळ्यानं आजवर लॉरी वखारीच्या आवारात तेवढी फिरवली होती. मंगळ्या नाही म्हणू शकला नाही.

सोम्याला ते कळलं त्या सकाळी तो वखारीत आला आणि नकटीचं हँडल, म्हणजे पुढून भोकात घालून इंजिन फिरवायचा तो वाकडा लोखंडी दांडा, त्यानं काढून घेतलं. मग नाकवालीचंही काढलं. दोन्ही दांडे मांडीवर आडवे घेऊन तो फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला सार्वजनिक जागेत, आंब्याच्या झाडाखाली बसला. हँडलाशिवाय दोन्ही लॉऱ्या म्हणजे नुसतं लोखंड.

"ही चोरी आहे," खांबेटे फाटकातून ओरडला.

"मंग बोलवा शिपाई. शिपायाला सांगतो कशासाठी बसलो ते. पुन्हा एकदा लॉरी दाखवतो, ह्या खेपेला जव्हारच्या लोकांना."

खांबेट्यानं शिपाई बोलावला नाही. चौकशीत झाली तेवढी शोभा त्याला पुरली होती, आणि नव्या दांड्यासाठी मुंबईला माणूस पाठवायचा तर आठवडा जाणार होता. पहिल्या दिवशी त्यानं धमकावलं. दुसऱ्या दिवशी कारकून गोड बोलून गेला. मंगळ्या दोन्ही दिवस सोम्याच्या शेजारी येऊन बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं सोम्यासाठी घरून भाकर आणली. त्या दिवशी गाडीवानांनी कुपातून लाकडं ओढणं थांबवलं, कारण रस्त्याच्या कडेला आधीची रास तशीच पडली होती. पुंजा त्यांच्यात पुढे होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी खांबेटे स्वतः झाडाखाली आला. घामानं डबडबलेला.

"काय हवंय तुला?"

"चौकट. साखळदंड. अन् छपराच्या वर एक ओंडका जाणार नाय."

"आणि मग चालवणार कोण? मंगळ्या?"

"मी."

चौकट जव्हारच्या सुतारानं आणि लोहारानं मिळून चार दिवसांत केली. सोम्या चारही दिवस तिथे उभा होता. एक बोल्ट त्यानं तीनदा काढायला लावला. ऐनाचे खांब मांडीएवढे जाड होते, वरच्या तुळईला लोखंडी पट्टी. चौकट बसली तेव्हा सोम्यानं मोठा घण घेतला आणि सगळ्या अंगाचा जोर लावून मागून तिच्यावर घातला, एकदा, दोनदा, पाच वेळा. सुतार म्हणाला, "अरे, मोडशील!" सोम्या म्हणाला, "मोडायची असंल तं आत्ता मोडू दे."

मोडली नाही. पण त्या दिवशी पोशीशी त्याचं फाटलं.

"तू बसणार तिच्यात?" ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "त्याचं रक्त सांडलं त्या जागी? त्या माणसाची लाकडं वाहायला?"

"मी नाय बसलो तं मंगळ्या बसंल. त्याला वळण घेता येत नाय."

"जाळून टाकायची होती. तुझ्या हातात होतं ते. तीन दिवस हँडल घेऊन बसलास, अन् मागितलंस काय? लाकडाची चौकट!"

तिचं खरं होतं, आणि सोम्याचंही खरं होतं. राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते त्याला कळत नव्हतं. बहिणीवर तर नाही. तो नुसता बघत राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं वाट बदलली नाही. पोशी तशीच उभी राहिली. शेवटी तोच गेला.

ती त्याच्याशी बोलायची थांबली. वखारीत काम करायची, त्याची लॉरी आली की पाठ करून उभी राहायची.

सोम्यानं नकटी पुढे नऊ वर्षं चालवली. डाव्या मांडीचं कातडं कोळशासारखं काळं आणि जाड झालं. इंजिनाच्या आवाजानं डावा कान गेला. हौशीला काही सांगायचं तर उजव्या बाजूला जाऊन बसावं लागे. त्या नऊ वर्षांत दोनदा लाकडं पुढे आली. एकदा मोखाड्याच्या उतारावर, साखळीची कडी तुटून चार ओंडके चौकटीवर आदळले. लॉरी हातभर पुढे ढकलली गेली, उजव्या खांबाला चीर पडली. सोम्या खाली उतरला, चीर बघितली, रस्त्याच्या कडेला जाऊन ओकला आणि पुन्हा येऊन बसला. दुसऱ्या दिवशी नवा खांब बसेपर्यंत त्यानं लॉरी हलवली नाही.

राग गेला नाही. उलट एकदा वाढला. तिसऱ्या वर्षी वाडा तालुक्याकडचा कुणी ठेकेदार नवी लॉरी घ्यायची म्हणून नकटी बघायला आला होता. खांबेटे त्याला चौकट दाखवत म्हणाला, "ही माझी कल्पना. ड्रायव्हरच्या जिवाची काळजी आपणच घ्यायची असते." सोम्या चाकाशी वाकला होता. तो सरळ उभा राहिला.

"ह्यांची नाय," तो पाहुण्याला म्हणाला. "ह्यांनी आधी एक माणूस मारला, मंग ही घातली. तुम्ही उलटं करा. आधी चौकट घाला."

पाहुणा गोंधळून हसला. खांबेट्यानं सोम्याला त्या दिवशी कामावरून काढलं आणि आठव्या दिवशी परत बोलावलं. दुसरा कुणी मिळाला नाही. सोम्या परत आला ते एका अटीवर: नाकवाली जाऊन तिच्या जागी येणारी दुसरी लॉरी चौकटीशिवाय फाटकाबाहेर पडणार नाही. मंगळ्याला तो तोवर नीट शिकवत होता, वळणावर पोटाखाली दरी दिसेपर्यंत थांबायला. त्या दुसऱ्या लॉरीवर मंगळ्या बसला आणि म्हातारा होऊन घरी मेला.

त्याच तिसऱ्या वर्षीची, पावसाआधीची शेवटची खेप. वखारीच्या आवारात नकटी भरून उभी होती, सोम्या हँडल घालायला पुढे गेला होता. मागे काही खडखडलं म्हणून त्यानं वळून बघितलं. पोशी हौद्याच्या कडेला पाय देऊन वर चढली होती. तिनं चौकटीच्या तुळईवर तळवा दाबला, खांब दोन्ही हातांनी धरून हलवून बघितला, मग साखळदंडाच्या एकेका कडीवरून हात फिरवत मागेपर्यंत गेली. शेवटच्या कडीशी थांबली आणि जोरानं हिसका दिला.

"ही ढिली हाय," ती म्हणाली.

सोम्यानं हँडल खाली ठेवलं आणि कडी आवळायला वर चढला.